जन्म येथला, कागद कोठला?

(संस्थेच्या बुद्ध पौर्णिमा कार्यक्रमात बिबवेवाडी येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांस विषय दिला तो 'लहान मुलांचा पासपोर्ट' असा. दर रविवारी विहारात टेबल मांडून अर्ज भरून देण्याचे काम आम्ही काही वर्षे करीत आहोत, म्हणून हा विषय आमच्याकडे आला असावा. पण अर्जाचा कोणता रकाना कसा भरावा हे सांगण्यासाठी व्यासपीठ लागत नाही, ते टेबलावर सांगता येते. आज एका अर्जाविषयी बोलावे असे वाटते. तो अर्ज आमच्याकडून शेवटपर्यंत भरलाच गेला नाही.

पुण्यात हिवाळा सुरू झाला की तिबेटी माणसे स्वेटर विकायला येतात, हे आपण सर्वजण पाहतो. माल लुधियानाचा असतो आणि विकणारा तिबेटचा, अशी आपली समजूत असते. एका फेब्रुवारीत असे एक जोडपे आमच्या टेबलाशी आले. ताईंच्या कडेवर महिन्याभराची मुलगी होती. ऐन हंगामात पुण्यातच बाळंतपण झाले होते. हातात महानगरपालिकेचा जन्मदाखला होता. आम्ही सवयीने हिंदीत बोलू लागलो, तर गृहस्थांनी मराठीत उत्तर दिले, आणि तेही झाडीपट्टीच्या वळणाचे. "सर, मी इथलाच तर आहो," ते म्हणाले.

ते खरोखरच इथले होते. आपल्या महाराष्ट्रात तिबेटी लोकांची एक वसाहत आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ, इटियाडोह धरणाच्या परिसरात 'नोर्ग्येलिंग' नावाची ही वसाहत 1972 साली वसली. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता, 1999 पासून गोंदियात आहे. 1959 च्या मार्च महिन्यात परमपूज्य दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो माणसे आली, आणि त्यांतल्या काहींच्या वाट्याला विदर्भातले हे भाताचे रान आले. पावसाळ्यात शेती आणि थंडीत स्वेटर, असा तेथील अनेक घरांचा जीवनक्रम झाला. या गृहस्थांचा जन्म तेथलाच, 1985 चा. पत्नीचा जन्मही तेथलाच, 1990 चा. दोघांचेही आईवडील तिबेटातून लहानपणी चालत आलेले.

त्यांचा प्रश्न साधा होता. मुलीला पासपोर्ट मिळेल काय? एका कचेरीत त्यांना सांगण्यात आले होते की, तुम्ही निर्वासित, तुमच्याजवळ परकीयांचे नोंदणी प्रमाणपत्र, तेव्हा मुलगीही निर्वासित. प्रवास करायचा तर पिवळे पुस्तक घ्या. पिवळे पुस्तक म्हणजे भारत सरकार तिबेटी लोकांना देते ते ओळख प्रमाणपत्र. ते पासपोर्टऐवजी प्रवासाला चालते, पण ते हाती असणारा मनुष्य भारताचा नागरिक धरला जात नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पासपोर्ट नागरिकत्व देत नाही. नागरिकत्व आधी असावे लागते, पासपोर्ट त्याची फक्त साक्ष देतो. म्हणून त्या महिन्याभराच्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर पासपोर्टच्या पुस्तिकेत सापडत नाही, ते नागरिकत्वाच्या कायद्यात शोधावे लागते.

हा प्रश्न बाबासाहेबांनाही सोपा गेलेला नाही. 10 ऑगस्ट 1949 रोजी नागरिकत्वाची कलमे संविधान सभेपुढे मांडताना त्यांनी सांगितले होते की, एखाददुसरे कलम सोडले तर मसुदा समितीला एवढी डोकेदुखी दुसऱ्या कशाने झालेली नाही, आणि या कलमाचे किती मसुदे करून फाडले याची गणती नाही. देशाची फाळणी झालेली, माणसांचे लोंढे सीमेच्या दोन्ही बाजूंनी चाललेले, अशा वेळी 'आपला' कोण हे कायद्याच्या भाषेत लिहायचे होते. त्याच चर्चेत विदर्भाचेच डॉ. पंजाबराव देशमुख उठले आणि जन्माच्या आधारावर नागरिकत्व देण्यास त्यांनी कडाडून विरोध केला. मुंबईला काही तास थांबलेली परदेशी बाई येथे बाळंत झाली तर ते मूलही भारतीय ठरायचे काय, असा त्यांचा सवाल होता. भारताचे नागरिकत्व जगात सर्वांत स्वस्त होईल, असे त्यांना वाटत होते. भाऊसाहेबांविषयी आम्हांस आदर आहे, पण या बाबतीत आमचे मन त्यांच्या बाजूने जात नाही. असो. संविधानाने 1950 सालापुरता प्रश्न मिटवला आणि पुढचे कायदे करण्याचा अधिकार अकराव्या कलमाने संसदेकडे सोपवला.

संसदेने 1955 साली कायदा केला तो उदार होता. 26 जानेवारी 1950 पासून भारतात जन्मलेले मूल भारतीय, मग आईबाप कोणीही असोत. परकीय वकिलातीतील अधिकाऱ्यांची मुले यांसारखे मोजके अपवाद वगळून. पुढे आसामचा प्रश्न पेटला, 1985 साली करार झाला, बांगलादेश आणि श्रीलंकेतून येणाऱ्यांचा मुद्दा पुढे आला, आणि कायदा बदलला. 1 जुलै 1987 पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील यांपैकी एक तरी भारतीय नागरिक असावे लागते. पुन्हा 3 डिसेंबर 2004 पासून अट आणखी कडक झाली. आईवडील दोघेही भारतीय हवेत. एकच भारतीय असेल तर दुसरे बेकायदेशीर स्थलांतरित असता कामा नये.

विद्यार्थी मित्रांनो, या दोन तारखा वहीत लिहून ठेवा, आणि त्यांचा परिणाम एका घरात काय होतो ते पाहा. आईबाप दोघेही तिबेटातून आलेले. थोरला मुलगा 1986 साली जन्मला, तो भारताचा नागरिक. धाकटी मुलगी 1989 साली त्याच घरात, त्याच सुइणीच्या हातून जन्मली, ती परकीय. जन्माने कोणी उच्च वा नीच ठरत नाही, ही वसल सुत्ताची शिकवण आपण या विहारात लहानपणापासून ऐकत आलो. कायदा उच्चनीच म्हणत नाही हे खरे, पण जन्मतारीख विचारतो, आणि त्या तारखेवर बहीणभावांची वाट वेगळी करतो.

आता आमच्या टेबलावरचा हिशेब मांडू. वडील 1985 चे, म्हणजे कायद्याने जन्मतःच भारतीय. आई 1990 ची, तिचे आईवडील तिबेटात जन्मलेले, म्हणून ती नागरिक नाही. पण ती येथेच जन्मली आणि तिच्याजवळ सरकारनेच दिलेले नोंदणी प्रमाणपत्र आहे, तेव्हा तिला बेकायदेशीर स्थलांतरित कसे म्हणणार? म्हणून मुलगी वडिलांकडून भारतीय. कागदावर हे पाच ओळींत सुटते. ते गृहस्थ मात्र आमच्या तोंडाकडे पाहतच राहिले. आपण तीस वर्षे भारतीय आहोत, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. दर काही काळाने ते परकीय म्हणून आपल्या नोंदणीची मुदत वाढवून घेत होते.

ही आमची कल्पना नव्हती. दिल्ली उच्च न्यायालयाने 22 डिसेंबर 2010 रोजी नामग्याल डोलकर यांच्या खटल्यात हेच सांगितले होते. त्यांचा जन्म 1986 चा, हिमाचल प्रदेशातील कांगड्याचा. पासपोर्टचा अर्ज फेटाळला गेला, कारण त्यांच्याकडे ओळख प्रमाणपत्र होते आणि त्यावर त्यांनी स्वतःला तिबेटी म्हटले होते. न्यायमूर्ती एस. मुरलीधर यांनी निर्णय दिला की, जन्माने मिळालेले नागरिकत्व अशा एखाद्या शब्दाने गळून पडत नाही. तरीही प्रत्येकाला स्वतंत्रपणे भांडावे लागतच होते. 2013 साली कर्नाटक उच्च न्यायालयाने असाच निकाल दिला. 2014 साली निवडणूक आयोगाने 1950 ते 1987 या काळात येथे जन्मलेल्या तिबेटी लोकांची नावे मतदारयादीत घेण्यास सांगितले. 22 सप्टेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने पुन्हा तेच ठरवले, तेव्हा कोठे मार्च 2017 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने सर्व पासपोर्ट कचेऱ्यांना सूचना पाठवल्या.

त्या हिवाळ्यात ते जोडपे आले तेव्हा आम्ही आनंदाने अर्ज काढला. पण तोवर जूनमध्ये अटी पुढे आल्या होत्या. पासपोर्ट हवा असेल तर नोंदणी प्रमाणपत्र आणि पिवळे पुस्तक परत करायचे, तिबेटी वसाहतीत राहायचे नाही, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडायच्या. मुलगी भारतीय ठरायची ती वडिलांकडून, म्हणून आधी वडिलांनी स्वतःचे कागद बदलणे आले. म्हणजे नोर्ग्येलिंगमधले घर सोडणे आले, आणि त्या घरात त्यांची म्हातारी आई होती.

त्यांनी अर्ज घडी करून खिशात ठेवला. ताई म्हणाल्या, "विचार करून सांगतो, सर." पुढच्या हिवाळ्यात आम्ही विचारले तर त्यांनी आईच्या गुडघ्यांची गोष्ट सांगितली, अर्जाची नाही. आम्हीही मग विचारले नाही. कायद्याने जे जन्मतःच तिचे होते, ते घ्यायला आजीचे घर मोजावे लागावे हे आम्हांस आजही पटत नाही.

बंधू-भगिनींनो, बौद्धांच्याच बाबतीत असे दुसरेही उदाहरण आहे. चितगावच्या डोंगरातील चकमा लोक काप्ताई धरणाने आणि छळाने विस्थापित होऊन 1964 पासून भारतात आले, आजच्या अरुणाचल प्रदेशात वसले. त्यांना हुसकावण्याचा प्रयत्न झाला तेव्हा 9 जानेवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, संविधानाचे एकविसावे कलम केवळ नागरिकांचे नाही, ते प्रत्येक व्यक्तीचे रक्षण करते. ज्यांना कागद नाही त्यांच्यासाठी बाबासाहेबांच्या संविधानातला हा 'व्यक्ती' शब्द फार मोठा आहे.

आपल्या सोसायट्यांच्या दारांवर नेपाळी कुटुंबे राखण करतात, त्यांचीही मुले येथेच जन्मतात. 1950 च्या तहामुळे त्यांना येथे राहण्याची, काम करण्याची मुभा आहे. पण दोघेही आईवडील नेपाळचे असतील तर आज येथे जन्मलेले मूल भारतीय होत नाही. त्यांनी नेपाळची कागदपत्रे करावीत, आणि त्यासाठीही येथला जन्मदाखला लागतोच. एक जण भारतीय असेल तर मात्र मूल भारतीय. हा फरक त्यांना समजावून सांगा.

आता आपल्यातले जे परदेशी आहेत त्यांच्याविषयी. वस्तीतील मुले शिकली, दुबईला गेली, अमेरिकेला गेली. तेथे आपणच स्थलांतरित. आखाती देशांत आपले मूल जन्मले म्हणून तेथले होत नाही. इंग्लंडमध्येही 1983 पासून आई किंवा वडील तेथले नागरिक अथवा स्थायिक असावे लागतात. अमेरिकेत 1868 च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने जन्माबरोबर नागरिकत्व दिले. 2025 साली तेथील अध्यक्षांनी त्यावर मर्यादा घालणारा आदेश काढला, तेव्हा न्यायालयांनी तो अडवला. आपल्याला सांगायचे ते एवढेच की, मूल भारतीय ठेवायचे असेल तर जन्मापासून एक वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत नोंद करा, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असे लिहून द्या. दोन पासपोर्ट भारतात चालत नाहीत. वर्ष उलटले की केंद्र सरकारची परवानगी लागते. आजोबा नातवाच्या फोटोची वाट पाहतात. त्याबरोबर 'नोंद केली का रे?' एवढेही विचारावे.

येथे जन्मणाऱ्या मुलांचे सांगून थांबतो. जन्माची नोंद एकवीस दिवसांत झाली पाहिजे. दवाखाना ती करतो, पण बाळाचे नाव त्यात नसते. बारशानंतर ते घालायला बहुतेक जण विसरतात, आणि नाव नसलेला दाखला घेऊन आमच्याकडे येतात. नाव पंधरा वर्षांपर्यंत घालता येते. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी होते, तेव्हा नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत असते, बिबवेवाडीच्या क्षेत्रीय कार्यालयात हेलपाटे घालून ती मिळणार नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, शाळेचा दाखला चालत नाही. आईवडिलांची नावे आधारवर जशी आहेत तशीच जन्मदाखल्यावर आहेत का, हे दवाखान्यातून निघतानाच पाहा. मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो.

स्वेटरवाल्या त्या जोडप्याची मुलगी आता शाळेत जाते. तिच्या जन्मदाखल्याची एक प्रत आमच्या टेबलाच्या खणात आहे. मूळ दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, तीन झेरॉक्स काढून, आम्ही ताईंच्या हाती परत दिला. नाव नोंदवून घेतले आहे, स्पेलिंग तपासले आहे. अठरा वर्षांची झाली की तिचा अर्ज ती स्वतः करील.

रविवारी सकाळी दहा ते एक टेबल चालू असते. मूळ कागद सोबत आणावेत.

जयभीम.