दाईने सांगितलेला राजवाडा

बीजिंगचा जुना राजवाडा पाहायचा तर आता पासपोर्टचा नंबर देऊन तिकीट आधीच काढून ठेवावे लागते. दक्षिणेच्या दरवाजाने आत शिरायचे आणि आतल्या आत चालत उत्तरेकडे जायचे. मधे ७२ हेक्टरांचा पसारा आहे. मिंग घराण्यातल्या योंगल सम्राटाने तो १४०६ ते १४२० या काळात बांधून घेतला. १९१२ साली राजेशाही संपेपर्यंत चोवीस सम्राट इथे नांदले. खोल्या ९,९९९, असे आमच्या गाईडने ठासून सांगितले. मोजणाऱ्यांना त्या नऊ हजारांच्या आतच सापडल्या आहेत. पण पोटासाठी बोलणाऱ्या माणसाला कशाला नाउमेद करा!

शिवाय माझे लक्ष त्याच्याकडे नव्हतेच. श्रोतेहो, मी माझा वाटाड्या मनातल्या मनात सोबत नेला होता. त्याचे नाव गियासुद्दीन नक्काश. हेरातचा चित्रकार. तैमूरचा मुलगा शाहरुख याने चीनकडे वकील पाठवले, त्यांत हा होता. शहजादा बायसुंगुरने त्याला बजावले होते, की जे दिसेल ते रोजच्या रोज लिहून ठेव, पदरचे काही घालू नकोस. १४१९च्या अखेरीस निघालेला हा माणूस वर्षभराने बीजिंगला पोचला. राजवाडा तेव्हा नवा कोरा होता. त्याची फारसी रोजनिशी हाफिज-ए-अब्रूच्या इतिहासात टिकून राहिली.

पहाटेच्या अंधारात त्यांना दरवाजापाशी नेऊन उभे केले. दोन्ही बाजूंना हत्ती. उजाडताच नगारे वाजले आणि दरवाजे उघडले. सम्राट सिंहासनावर बसला. गियासुद्दीन पडला चित्रकार, त्याची नजर दाढीवर गेली! मधल्या दोनतीनशे केसांची बट एवढी लांब, की तिची तीनचार वेटोळी पडावीत, असे त्याने टिपले आहे. पाहुण्यांच्या आधी सातशे कैदी समोर आणले गेले. कुणाच्या मानेत फळी, कुणाच्या मानेत दुबेळके. त्यांचा निवाडा झाल्यावर मग वकिलांची पाळी. इथला दस्तूर म्हणजे गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावायचे. या मंडळींनी कमरेत वाकून तीनदा डोकी झुकवली, कपाळ मात्र जमिनीला टेकवले नाही. ज्याने लहानपणापासून सजदा फक्त अल्लाहसाठी राखला आहे, त्याला त्या वीतभर अंतराची किंमत कळेल. मी त्या भव्य चौकात उभा राहून तेवढ्या अंतराचाच विचार करत होतो.

मात्र त्या रोजनिशीतले जे माझ्या डोक्यातून जात नाही ते वेगळेच आहे. सिंहासनाच्या दोन बाजूंना दोन देखण्या मुली उभ्या होत्या. केस वर बांधलेले, कानांत टपोरे मोती, हातात कागद आणि कलम. सम्राटाच्या तोंडून जो शब्द निघेल तो टिपून घ्यायचा, हे त्यांचे काम. पुढे १४२१च्या मे महिन्यात वीज पडून तो दरबार आणि त्यामागची दोन दालने जळाली. आज आपण पाहतो तो महाल १६९५ सालच्या बांधणीचा. त्या मुलींची नावे गियासुद्दीनने लिहिलेली नाहीत. त्याला ती कोण सांगणार?

दुसऱ्याचा शब्द न् शब्द टिपणाऱ्या या बायकांच्या राज्यात बायकांचे स्वतःचे काय झाले, हे कळते ते कोरियाच्या दरबारी बखरीतून. कोरियाचा राजा नजराण्यात घोडे पाठवी तशा मुलीही पाठवी. १४१७ साली हान घराण्यातली एक मुलगी योंगलकडे आली. सोबत किम नावाची तिची दाई. १४२४ साली मोहिमेवरून परतताना योंगल वारला आणि त्याच्यासोबत जाण्यासाठी तिसाहून अधिक स्त्रिया निवडल्या गेल्या. अंगणात त्यांना जेवण वाढले. मग एका दालनात नेले. आत रडण्याचा कल्लोळ उठला. लाकडी चौरंगांवर त्यांना चढवले, गळ्यात फास अडकवले आणि चौरंग काढून घेतले.

त्याआधी नवा सम्राट हाँगशी त्यांचा निरोप घ्यायला आत आला होता. हानने रडत त्याच्याकडे एकच मागितले. माझी आई म्हातारी आहे, माझ्या दाईला घरी जाऊ द्या. त्याने कबूल केले. शेवटी फास गळ्यात असताना तिने दाईलाच हाक मारली. निघाले, एवढे सांगायला. वाक्य पुरे व्हायच्या आत चौरंग सरकवला गेला.

वचन मात्र लांबले. ही बाई परत जाऊन आतल्या भानगडी सांगेल, ही भीती होती. दाई किम मायदेशी पोचली ती १४३५ साली, अकरा वर्षांनी. आणि भीती खरी ठरली, तिने सगळे सांगितले! आपल्याकडे हे आज आहे ते तिच्यामुळे. एवढ्या मोठ्या वाड्यात कारकून, पंडित, कलमवाल्या मुली; आणि साक्ष दिली ती एका दाईने. मला तिच्यापुढे वाकावेसे वाटते.

थोरलीची गत होऊन गेलेली असताना तिच्या धाकट्या बहिणीला बोलावणे आले. तिने लग्नासाठी साठवलेले अंथरूण सुरीने कापले आणि आपल्या वस्तू लोकांना वाटून टाकल्या. एक बहीण विकून पोट भरले नाही का, असे ती भावाला बोलली. १४२८ साली तिची पालखी निघाली, तेव्हा रस्त्यावरची माणसे तिला जिवंतपणीची प्रेतयात्रा म्हणाली.

ही धाकटी वाचली. १४३५ साली सम्राट श्वांद गेला, तेव्हाही स्त्रिया त्याच्यासोबत धाडल्या गेल्या. ती त्यांत नव्हती. १४६४ साली सम्राट यिंगझोंगने मरताना ही प्रथा बंद करायला सांगितले. त्यानंतरही ती एकोणीस वर्षे जगली आणि १४८३ साली चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारली. कोरियाला ती पुन्हा कधी गेली नाही.