आठवणीची साक्ष

स्मरणशक्तीविषयीं बोलतांना मनुष्याच्या तोंडीं जे शब्द येतात, ते बहुधा कोठारांतले असतात. आठवणी मनांत सांठविलेल्या असतात, कांहीं खोल जपून ठेविलेल्या असतात, आणि प्रसंग पडला म्हणजे त्या जशाच्या तशा बाहेर काढतां येतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एखाद्या जुन्या लग्नाची गोष्ट निघाली आणि मुहूर्ताच्या वेळीं पाऊस होता कीं नव्हता याविषयीं दोन बहिणींच्या सांगण्यांत तफावत पडली, तर दोघींपैकीं एक विसरली असावी किंवा खोटें बोलत असावी, असा निकाल घरांत दिला जातो. दोघीही मनापासून बोलत आहेत आणि तरीही दोघींच्या मनांतील चित्र मागाहून बदललेलें आहे, ही शक्यता सहसा कोणी विचारांत घेत नाहीं. विसाव्या शतकांतील मानसशास्त्रानें आणि त्यापुढच्या मेंदूविज्ञानानें मात्र याच शक्यतेकडे लक्ष वेधलें आहे.

या विचाराचा पाया केंब्रिज विद्यापीठांतील मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनीं घातला. त्यांच्यापूर्वीं जर्मन संशोधक हर्मान एबिंगहाउस यांनीं निरर्थक अक्षरें पाठ करून, मनुष्य किती वेळांत किती विसरतो याचें मोजमाप केलें व तें १८८५ सालीं प्रसिद्ध केलें. किती विसरलें जातें, हा एबिंगहाउस यांचा प्रश्न होता; जें उरतें त्याचें काय होतें, हा बार्टलेट यांचा. त्यांनीं उत्तर अमेरिकेंतील मूळ रहिवाशांची, भुतांच्या लढाईची एक लोककथा इंग्रज वाचकांच्या हातीं दिली आणि पुढें कांहीं तासांनीं, कांहीं दिवसांनीं, कांहींना तर वर्षांनीं ती आठवून लिहावयास सांगितली. दर वेळीं कथा आखूड होत गेली आणि अधिक सुसंगत होत गेली. 'कनू' नांवाच्या होडीची साधी बोट झाली, सील प्राण्यांच्या शिकारीची मासेमारी झाली, आणि जो भाग इंग्रज मनाला चमत्कारिक वाटला तो गळून तरी पडला किंवा पटेल अशा रूपांत तरी आला. वाचकांनीं हे फेरफार बुद्ध्या केले नव्हते. आठवणें म्हणजे उरलेल्या धाग्यादोऱ्यांवरून, स्वतःच्या समजुतीच्या आधारें, घटना पुन्हां रचणें होय, असा निष्कर्ष बार्टलेट यांनीं १९३२ सालच्या आपल्या 'रिमेंबरिंग' या ग्रंथांत मांडला.

ही रचना चालू असतां बाहेरचा एखादा शब्दही तींत शिरकाव करूं शकतो. अमेरिकेंत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनीं १९७४ सालीं विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघातांचे चित्रपट दाखविले व मोटारींचा वेग किती होता असें विचारलें. प्रश्नांतील क्रियापद मात्र निरनिराळ्या गटांना निरनिराळें होतें. 'मोटारी एकमेकींवर जोरानें आदळल्या तेव्हां' असें ज्यांना विचारलें, त्यांनीं सरासरी ताशीं ४१ मैलांच्या जवळपास वेग सांगितला. 'एकमेकींना लागल्या तेव्हां' असें ज्यांना विचारलें, त्यांचें उत्तर ३२ मैलांच्या आसपास आलें. दुसऱ्या प्रयोगांत आठवड्यानंतर विद्यार्थ्यांना आणखी एक प्रश्न केला: चित्रपटांत फुटलेल्या कांचा दिसल्या काय? कांचा कोठेंच नव्हत्या. परंतु 'आदळल्या' हा शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकीं १६ जणांना त्या दिसल्याचें आठवलें. ज्यांना वेगाविषयीं कांहींच विचारलें नव्हतें, अशा ५० जणांत ही संख्या ६ होती. प्रश्न विचारणाराच्या एका शब्दानें साक्षीदाराच्या मनांत कांचा पसरल्या.

चित्रपटांतील अपघात परका असतो, स्वतःवर गुदरलेला धक्का कोणी विसरत नाहीं, असें यावर कोणी म्हणेल. त्याचीही परीक्षा झाली आहे. २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेचें चॅलेंजर हें अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट झालें व त्यांतील सातही जण मृत्यु पावले. दुसऱ्याच दिवशीं अल्रिक नायसर यांनीं एमरी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांकडून, ही वार्ता कोठें, कोणाकडून आणि काय करीत असतां कळली, हें लिहवून घेतलें. सुमारें अडीच वर्षांनंतर त्यांपैकीं ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हां विचारले. ११ जणांच्या उत्तरांतील एकही मुख्य गोष्ट मूळ नोंदीशीं जुळली नाहीं, आणि तरीही पुष्कळांना आपल्या आठवणीची पुरती खात्री होती. त्यांना त्यांच्याच हस्ताक्षरांतील कागद दाखविले. जुनी हकीकत वाचूनही मूळ आठवण कोणाला परत आली नाहीं. नायसर आणि निकोल हार्श यांनीं हें संशोधन १९९२ सालीं प्रसिद्ध केलें.

मेंदूंत हें कसें घडतें? नवी आठवण प्रथम ओल्या मडक्यासारखी असते. कांहीं तासांत मेंदूंतील पेशी नवीं प्रथिनें तयार करून ती पक्की करतात, आणि एकदां भाजलेलें मडकें पुन्हां आकार बदलीत नाहीं, असें पुष्कळ वर्षें मानलें जात होतें. न्यूयॉर्क विद्यापीठांत करीम नादर, ग्लेन शाफे आणि जोसेफ लेडू यांनीं २००० सालीं या समजुतीला धक्का दिला. त्यांनीं उंदरांना एक विशिष्ट नाद ऐकवून लगेच विजेचा सौम्य झटका दिला. उंदीर त्या नादाला भिऊं लागले. भीति पक्की झाल्यानंतर त्यांना तो नाद पुन्हां एकदां ऐकविला आणि लागलीच, मेंदूंतील अमिग्डाला नांवाच्या भीतीशीं निगडित भागांत, प्रथिनें तयार होऊं न देणारें औषध घातलें. त्यानंतर त्या उंदरांची भीति पुष्कळ ओसरली. नाद न ऐकवितां नुसतेंच औषध दिलें, तेव्हां भीति कायम राहिली. म्हणजे आठवण जागी होतांच ती पुन्हां कच्ची झाली होती व तिला नव्यानें पक्कें व्हावें लागत होतें. प्रत्येक आठवण प्रत्येक वेळीं अशी कच्ची होतेच असें नाहीं, हेंही पुढील प्रयोगांत दिसून आलें. शिवाय उंदरांच्या भीतीचा नियम मनुष्याच्या गुंतागुंतीच्या स्मृतीला जसाच्या तसा लावतां येत नाहीं. तरी आठवण काढणें ही निव्वळ पाहणी नसून तींत फेरबदलास वाव असतो, एवढें या प्रयोगानें दाखविलें.

प्रयोगशाळेंतील हा सिद्धान्त न्यायमंदिरांत किती दारुण ठरतो, याचें एक उदाहरण नोंद करण्यासारखें आहे. १९८४ सालीं अमेरिकेंतील उत्तर कॅरोलिना राज्यांत एका तरुण विद्यार्थिनीवर रात्रीं घरांत शिरून अत्याचार झाला. अशा प्रसंगींही तिनें धैर्य धरून गुन्हेगाराचा चेहरा न्याहाळून ठेवला होता. पोलिसांनीं पुढें ठेविलेल्या छायाचित्रांतून तिनें कांहीं मिनिटें विचार करून एक निवडलें. मग ओळखपरेड झाली. तिच्या आधीं पाहिलेल्या छायाचित्रांतील त्या रांगेंत उभा असलेला मनुष्य एकच होता. तिनें त्याच्याकडे बोट दाखविलें, आणि छायाचित्रांतही तिनें यालाच निवडलें होतें असें तिला सांगण्यांत आलें. त्यानंतर तिच्या मनांत शंका उरली नाहीं. १९८५ सालीं त्या मनुष्याला शिक्षा झाली. १९८७ सालीं खटला पुन्हां चालला तेव्हां खरा गुन्हेगार न्यायालयांत तिच्यासमोर आणला गेला, पण तिला तो ओळखतां आला नाहीं. तोंवर तिच्या आठवणींत दुसऱ्याच चेहऱ्यानें घर केलें होतें. १९९५ सालीं डीएनए परीक्षेनें सत्य उघडकीस आलें, व दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगांत काढून तो निरपराध मनुष्य सुटला. ती तरुणी एक अक्षरही खोटें बोलली नव्हती. पुढें त्या दोघांनीं मिळून साक्षीच्या पद्धतींत सुधारणा व्हावी म्हणून कार्य केलें.

अशा प्रकरणांपासून कांहीं नियम निघाले आहेत. ओळखपरेड घेणाऱ्या अधिकाऱ्याला संशयित कोणता हें ठाऊक असूं नये. साक्षीदाराला त्याची निवड बरोबर कीं चूक हें सांगूं नये. आणि त्याची खात्री किती आहे, हें त्याच क्षणीं त्याच्याच शब्दांत टिपून घ्यावें. कारण परीक्षा निर्दोष रीतीनें घेतली असेल, तर पहिल्या वेळची खात्री बरीच विश्वसनीय ठरते. महिनोन्‌महिने त्याच गोष्टीचा उच्चार करून आलेल्या खात्रीला मात्र तें मोल नाहीं. न्यू जर्सी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं हें शास्त्र मान्य करून, ज्यूरीला तशी सूचना देण्याची व्यवस्था केली. स्वतःच्याच पक्षाच्या साक्षीदाराला उत्तर सुचविणारा प्रश्न विचारण्यावर १८७२ च्या भारतीय पुराव्याच्या कायद्यानें निर्बंध घातला होता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं आलेल्या कायद्यांतही तो निर्बंध कायम आहे. प्रश्नांतून उत्तर पेरलें जातें, हें कायदेपंडितांनीं प्रयोगांच्या शंभर वर्षें आधींच जाणलें होतें.

मग निसर्गानें मनुष्याला अशी अस्थिर शक्ति कां दिली असावी? याचा एक धागा लंडनमधील संशोधनांत सांपडतो. डेमिस हासाबिस, एलिनॉर मॅग्वायर आणि त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं, मेंदूंतील हिप्पोकॅम्पस नांवाचा भाग निकामी झालेल्या रुग्णांची परीक्षा केली. या रुग्णांना नवे प्रसंग लक्षांत ठेवतां येत नव्हते. त्यांना एखाद्या रम्य समुद्रकांठीं आपण पहुडलों आहों अशी कल्पना करावयास सांगितलें, तेव्हां बहुतेकांच्या वर्णनांत सुटे तुकडेच आले. सलग देखावा उभा राहिला नाहीं. ज्या शक्तीनें गेलेला दिवस पुन्हां रचला जातो, तिच्याच बळावर न आलेला दिवसही रचला जातो, असें यावरून दिसतें. उद्यांची योजना करतां यावी, म्हणून कालच्या घटनेचे तुकडे सुटे व्हावे लागतात आणि नव्या रीतीनें जुळावे लागतात. त्या जुळणींत कधीं कधीं चूक होते.

ही चूक पूर्णपणें टाळणें कोणाच्याच हातीं नाहीं. तिला वाव कमी देणें मात्र शक्य आहे. महत्त्वाची घटना घडली, तर इतरांशीं चर्चा होण्यापूर्वीं आणि वर्तमानपत्र वाचण्यापूर्वीं ती तारीखवार लिहून ठेवावी. मूल शाळेंतून रडत आलें, तर 'तुला अमक्यानेंच मारलें ना?' असें न विचारतां, 'काय झालें, सांग,' एवढेंच विचारावें आणि त्याचें बोलणें पुरें होईपर्यंत मध्यें शब्द घालूं नये. पहिल्या प्रश्नानें मुलाला एक नांव मिळतें, आणि संध्याकाळपर्यंत तें नांव त्याला खरोखरच आठवूं लागण्याचा संभव असतो.