यंत्र टाकण्यापूर्वी प्रणाली बदलून पाहा

(कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली येथे शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व कर्मचारी यांच्यासमोर केलेले भाषण)



आपल्यापैकी अनेकांच्या टेबलावरील संगणक ‘विंडोज १०’ या कार्यप्रणालीवर चालतात. या प्रणालीची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. काही अटींवर वाढीव मुदत मिळते. परंतु तीही मर्यादितच आहे. पुढची ‘विंडोज ११’ ही प्रणाली बऱ्याच जुन्या यंत्रांना अधिकृतपणे चालत नाही. यंत्र धडधाकट, पण राखणदार निघून गेलेला, अशी ही अवस्था आहे. मग चालते यंत्र अडगळीत टाकावे, की त्याच यंत्रावर दुसरी प्रणाली बसवावी? शाळेच्या तुटपुंज्या निधीचा विचार करता हा प्रश्न लहान नाही.

दुसरी प्रणाली उपलब्ध आहे. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा गाभा तयार केला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. त्यावर आधारलेल्या अनेक प्रणाली आज विनामूल्य मिळतात. आपल्या ‘सी-डॅक’ या संस्थेची ‘बॉस’ ही प्रणाली त्यांपैकीच एक. येथे ‘मुक्त’ याचा अर्थ केवळ फुकट असा नव्हे. हळदीचे बेणे आपण घरी राखतो, पुढच्या हंगामात लावतो, शेजाऱ्यालाही देतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. मुक्त प्रणालीचे तसेच आहे. ती वापरावी, वाटावी, जाणकाराने आतून तपासून सुधारावी, हा अधिकार प्रत्येकाला आहे.

केरळ राज्याने शालेय संगणक शिक्षण या मार्गाने नेले. तेथे २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ प्रकल्पात शिक्षकांच्या प्रशिक्षणावर भर देण्यात आला. केंद्र शासनानेही २०१५ मध्ये मुक्त-स्रोत प्रणालींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. तेव्हा ही वाट नवखी नाही. परंतु तिच्यावर माणसाला एकटे सोडून चालत नाही, हे मला स्वतःच्या चुकीतून कळले.

मी अभियंता नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. काही वर्षांपूर्वी एका सहकाऱ्याच्या संगणकावर मी मोठ्या उत्साहाने मुक्त प्रणाली बसवून दिली आणि दुसऱ्या दिवशी दौऱ्यावर निघून गेलो. परत येऊन पाहतो तो त्यांनी जुनी प्रणाली पुन्हा बसवून घेतलेली! त्यांची वर्षानुवर्षांची मराठी टिपणे युनिकोडपूर्व जुन्या टंकात होती. नव्या प्रणालीत ती उघडताच मराठीच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसू लागली. दोष प्रणालीचा नव्हता. मी प्रणाली दिली, सोबत दिली नाही.

म्हणून आपणांस काही गोष्टी सुचवितो. प्रथम, त्या माणसाचे रोजचे काम काय, हे शेजारी बसून पाहावे. जुन्या टंकातील मजकूर जुनी प्रणाली शाबूत असतानाच युनिकोडमध्ये रूपांतरित करावा. सर्व दप्तराची प्रत वेगळ्या साधनावर काढावी आणि ती उघडते की नाही, हे तपासावे. जुलै २०२२ मध्ये आसना नदीचे पाणी या गावात शिरले होते. पाणी येण्यापूर्वी काय उंचावर ठेवावे, हे मी आपणांस सांगायला नको.

त्यानंतर नवी प्रणाली पेन ड्राइव्हवरूनच सुरू करून पाहावी. अशा चाचणीत संगणकातील जुने काही पुसले जात नाही. छपाई होते का, ध्वनी येतो का, इंटरनेट जुळते का, हे तेव्हाच कळते. इन्स्क्रिप्ट पद्धतीने टंकलेखन करणाऱ्यांना नवे काही शिकावे लागत नाही. अक्षरांच्या जागा त्याच राहतात. पत्रे व तक्ते यांसाठी ‘लिबर ऑफिस’ हा विनामूल्य संच पुरेसा आहे.

मात्र सर्वच यंत्रे एकदम बदलू नयेत. अंगठ्याचा ठसा घेणारी काही उपकरणे, डिजिटल स्वाक्षरीची काही साधने आणि काही लेखा-प्रणाली यांना विंडोजच लागते. अशा कामांचा संगणक तसाच ठेवावा व त्याची सुरक्षा-सेवा चालू राहील, अशी तजवीज करावी. शाळेच्या संगणक-कक्षातील एका यंत्रापासून प्रारंभ केल्यास काम अडत नाही.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. पहिले दोन आठवडे रोज अर्धा तास त्या माणसाच्या शेजारी बसावे. त्याच्या हातातून माऊस काढून घेऊ नये. त्यालाच करू द्यावे. एवढा वेळ देता येणार नसेल, तर प्रणाली बदलण्याची घाई करू नये. वेळ देता आला, तर मात्र अडगळीत जाणाऱ्या संगणकावर आपली मुले आणखी काही वर्षे शिकतील.