आर-जी-डी: तीन अक्षरांची पकड

कोड लिहिणारा माणूस आज हाडांवर बोलणार आहे. कारण घरातलंच आहे.

मागच्या महिन्यात मावशीला घेऊन आमखास मैदानाजवळच्या कॅन्सर हॉस्पिटलला गेलो होतो. तिचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालंय. आता बोन स्कॅनमध्ये कमरेच्या हाडात डाग दिसला. बाहेर चहा घेताना ती म्हणाली, "गाठ छातीत होती रे. मग हाडात तिचं काय ठेवलंय?" मी गप्प बसलो. घरी येऊन वाचायला घेतलं.

हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम नाही. त्यात प्रोटीनचीही जाळी असते. त्यातलंच एक ऑस्टिओपॉन्टिन. नावाचा अर्थ 'हाडाचा पूल'. त्याचा एक भाग हाडातल्या खनिजाला चिकटतो. दुसरीकडे तीन अमिनो आम्लं ओळीनं येतात: आर्जिनिन, ग्लायसिन, ॲस्पार्टिक ॲसिड. शॉर्टमध्ये आर-जी-डी. हे टोक पेशीसाठी.

पेशीच्या पृष्ठभागावर इंटिग्रिन नावाचे रिसेप्टर असतात, दोन साखळ्यांचे. आपल्या गोष्टीतला आहे अल्फा-व्ही-बीटा-३. दोन साखळ्यांच्या मधल्या खाचेत आर-जी-डी बसतं. आर्जिनिन अल्फा साखळीच्या खळग्यात शिरतं, आणि ॲस्पार्टिक ॲसिड बीटा साखळीवरच्या धातूच्या आयनला धरतं. ॲस्पार्टिकच्या जागी ग्लुटामिक ॲसिड टाकलं, म्हणजे फक्त एका कार्बनचा फरक, तरी पकड सुटते. पासवर्डमधलं एक अक्षर चुकावं, तसं.

ही पकड रोज लागते. हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी याच रिसेप्टरनं हाडाला धरून बसतात आणि जुना भाग विरघळवतात. मग दुसऱ्या पेशी तिथं नवं हाड भरतात.

घोळ असा, की कित्येक कॅन्सर पेशींकडेही हाच रिसेप्टर असतो. पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्समध्ये गोपाल कुंडू यांच्या गटानं यावर बरंच काम केलंय. २००१ मध्ये त्यांनी उंदराच्या मेलानोमा पेशींत दाखवलं, की ऑस्टिओपॉन्टिनमुळे आजूबाजूची जाळी कापणारं एन्झाइम चालू होतं. कॅन्सर हाडात जाण्याचं हे एकमेव कारण नाही, पण एक महत्त्वाचं कारण आहे.

मग पकड ब्लॉक का करत नाहीत? केलीय. टायरोफिबान हे हृदयरुग्णांना देतात ते औषध आर-जी-डीची नक्कल करून प्लेटलेटवरचा इंटिग्रिन अडवतं, म्हणजे गुठळी होत नाही. पण अल्फा-व्ही इंटिग्रिन अडवणारं सिलेंगिटाइड मेंदूच्या कॅन्सरच्या मोठ्या चाचणीत २०१३ मध्ये फेल गेलं. एक वाट बंद केली, तर पेशीकडे दुसऱ्या असतात. प्रॉडक्शनमध्ये एक बग फिक्स करून खुश झालेल्या प्रत्येकाला हे कळेल.

मावशीला आता झोलेड्रॉनिक ॲसिडचं इंजेक्शन सुरू झालंय. ते पकडीच्या भानगडीत पडत नाही. ते हाडाला चिकटून राहतं आणि हाड झिजवणाऱ्या पेशींनाच आवरतं. त्यानं हाड मोडायचा धोका कमी होतो.

हे सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी काही चुकीचं खाल्लं नव्हतं ना?"

नाही मावशी. तुझं काहीच चुकलं नाही.

घरात कुणी हाच प्रश्न मनात धरून बसलं असेल, तर हा एपिसोड त्यांना ऐकवा. भेटू पुढच्या भागात.