संगणकाचा वेग : आकडा आणि काम
(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



दहावी-बारावीचा निकाल लागला की घराघरांत एक प्रश्न निघतो. मुलाला, मुलीला संगणक घ्यायचा, पण कोणता? वडिलांनी जादा पाळी करून, आईने भिशी लावून जमविलेला पैसा असतो. दुकानदार एक आकडा पुढे करतो, "हाच घ्या, याचे गिगाहर्ट्झ जास्त आहेत." आकडा मोठा म्हणजे माल चांगला, अशी आपली सर्वसाधारण समजूत. ती कितपत खरी आहे, हे आज दोन प्रोसेसरांच्या उदाहरणाने पाहू.

प्रोसेसर म्हणजे संगणकातील हिशेब करणारा भाग. तो ठोक्याठोक्याने चालतो. ३ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ३०० कोटी ठोके. परंतु ठोका म्हणजे काम नव्हे. भिवंडी-मालेगावच्या आपल्या लोकांना हे यंत्रमागावरून चटकन उमजेल. माग कितीही वेगाने खडखडत असला, तरी धागा वारंवार तुटून तो थांबत असेल तर संध्याकाळी कापड कमीच निघते. शहाणा मालक मागाचा आवाज ऐकत नाही, कापडाचे मीटर मोजतो.

आता पहिला प्रोसेसर घेऊ. इंटेल कंपनीने नोव्हेंबर २००० मध्ये पेंटियम ४ बाजारात आणला. ठोक्यांची संख्या वाढविणे हा त्याच्या रचनेचा मुख्य हेतू होता. त्यासाठी प्रत्येक सूचनेचे काम बारीक बारीक टप्प्यांत वाटले. आरंभी २० टप्पे होते, २००४ च्या आवृत्तीत ते ३१ झाले. टप्पा लहान, म्हणून ठोका जलद. नोव्हेंबर २००४ मध्ये हा आकडा ३.८ गिगाहर्ट्झवर गेला.

मग अडचण कोठे आली? प्रोग्रॅममध्ये "असे असेल तर हे कर, नसेल तर ते कर" अशा जागा पावलोपावली येतात. उत्तराची वाट न पाहता प्रोसेसर अंदाजाने पुढचे काम सुरू करतो. अंदाज चुकला, की रांगेतील अर्धवट काम टाकून देऊन नव्याने आरंभ करावा लागतो. हाच तो तुटलेला धागा! रांग जितकी लांब, तितका खोळंबा मोठा. शिवाय उष्णता वाढली. ३.८ गिगाहर्ट्झच्या या प्रोसेसरसाठी ११५ वॅट उष्णता बाहेर काढण्याची सोय करावी लागे. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काढण्याचा बेत कंपनीने ऑक्टोबर २००४ मध्येच सोडून दिला होता.

दुसरा प्रोसेसर त्याच कंपनीचा, जुलै २००६ मध्ये आलेला कोअर २ ड्युओ. त्यातील ई ६६०० हा नमुना २.४ गिगाहर्ट्झचा, म्हणजे आकड्याने बराच मागे. पण टप्पे १४, एका ठोक्यात चारपर्यंत सूचना हाती घेण्याची तयारी, लागणारी माहिती जवळच ठेवण्यासाठी ४ मेगाबाइटचा साठा, आणि एकाऐवजी दोन कोअर, म्हणजे काम करणारे दोन हात. उष्णतेची मर्यादा ६५ वॅट. बहुतेक कामांत याने ३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ४ ला मागे टाकले, आणि तेही एकच कोअर वापरणाऱ्या कामांतसुद्धा.

पण दोन कोअर म्हणजे दुप्पट वेग, असेही समजू नका. समजा, ६० मिनिटांचे काम आहे आणि त्यातील निम्मेच दोघांत वाटता येते. मग ३० मिनिटे तशीच राहतात, उरलेल्या ३० ची १५ होतात. एकूण ४५ मिनिटे. हा हिशेब जीन ॲमडाल यांनी १९६७ साली मांडला.

तेव्हा तुलना करावी ती कामाची. दोन्ही यंत्रांत मेमरी सारखी, डिस्क सारखी, काम तेच, आणि हाती घड्याळ. काम तीन-चार वेळा करून पाहावे. ज्याला वेळ कमी लागतो, तो त्या कामापुरता वेगवान. किंमत आणि विजेचा खर्चही शेजारी मांडावा.

जुना संगणक घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. "आय ७ आहे" एवढ्यावर पैसे मोजू नयेत. २०११ चा आय ७-२६०० आणि २०२२ चा आय ५-१२४०० यांत नावाचा आकडा पहिल्याचा मोठा, मूळ गिगाहर्ट्झही जास्त, परंतु काम दुसराच कितीतरी लवकर उरकतो. लेखन, अभ्यास आणि शिकाऊ प्रोग्रॅमिंग यांसाठी तर सर्वांत महाग प्रोसेसरची गरजच नसते. तो पैसा पुरेशी मेमरी आणि चकतीऐवजी एसएसडी घेण्यात घातला, तर फरक रोज जाणवतो.

विद्यार्थी मित्रांनो, यंत्रापलीकडेही एक वेग आहे, तो रीतीचा. अकारविल्हे लावलेल्या १००० नावांतून एक नाव शोधायचे आहे. एकेक पाहत गेलात तर १००० वेळा पाहावे लागू शकेल. दर वेळी मधले नाव पाहून निम्मी यादी बाजूला सारलीत, तर १० वेळांत काम होते. अशा रीतीला अल्गोरिदम म्हणतात, आणि हा शब्द नवव्या शतकात बगदादला गणित मांडणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला आहे. ज्याच्या घरी जुनाच संगणक आहे, त्याने मन लहान करू नये. चांगली रीत शिकायला नवा प्रोसेसर लागत नाही.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. दुकानात जाताना मुलामुलींना बरोबर न्या, त्यांना कोणते काम करायचे आहे ते आधी विचारा, आणि तेच काम त्या यंत्रावर करून दाखवायला दुकानदाराला सांगा. घामाचा पैसा आहे, तो आकड्यावर नव्हे, कामावर खर्च होऊ द्या.