निधी आधी कोणाला?



ब्राझीलमधील पोर्तो आलेग्रे या नगरीने १९८९ साली विकासनिधीच्या वाटपात नागरिकांच्या सभांना निर्णयाचा अधिकार दिला. नगरीचे १६ विभाग होते. प्रत्येक विभागाची मागणी तीन कसोट्यांवर पारखली जाई : त्या सोयीची तेथे उणीव किती, वस्ती किती आणि रहिवाशांनी सभेत त्या कामाला कितवा क्रम दिला. कसोटीगणिक गुण, आणि एकूण गुणांच्या प्रमाणात निधी! ज्या विभागात फरसबंद रस्ते आधीच होते, त्याने कितीही मोठ्या आवाजात मागितले तरी उणिवेचे गुण त्याला थोडेच मिळत. दानशूरांच्या सभांतही हे नेहमी साधत नाही. शिवाय कसोट्यांचे नियम नागरिकांचे निवडलेले प्रतिनिधीच वेळोवेळी तपासून बदलत. या पद्धतीचे खरे बळ तेथे होते. पुढे मंजूर कामे रखडू लागली आणि २०१७ साली ही प्रक्रिया स्थगित झाली.