पर्यटकांसाठी ऑर्किड : कोकणातील बागायतदारांना एक जोडधंदा

(बागायतदारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



नारळ, सुपारी आणि आंबा ही आपली मुख्य पिके. ती सोडून ऑर्किड लावा, असे सांगायला मी येथे उभा नाही. घराजवळ अर्धा गुंठा जागा, घरातील एका माणसाचा सकाळचा तासभर वेळ आणि दारावरून जाणारा पर्यटक, एवढ्यावर बसणारा हा जोडधंदा आहे. सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. गणपतीपुळे, तारकर्ली, दापोलीजवळचे मुरूड, कर्दे येथे आता घरोघरी राहण्याच्या खोल्या दिसतात. आलेला पाहुणा कोकम, काजू, आंबापोळी घेतोच. त्याने फुललेले झाड का न्यावे आणि ते घरी नेल्यावर जगेल कसे, याचा विचार विकणाऱ्याने आधी केला पाहिजे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. आपण ज्याला आमरी म्हणतो, ती झाडावर वाढणारी ऑर्किडे बांडगूळ नव्हेत. बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळे घुसवून रस शोषते. आमरी फक्त सालीला धरून राहते. तिची जाड, पांढरट मुळे पावसाचे आणि हवेतील पाणी घेतात. तेव्हा बांडगूळ काढताना सीतेची वेणी खरवडून टाकू नका.

तशीच ती विकूही नका. घाटरस्त्याला फांदीसकट तोडलेली आमरी विकायला ठेवलेली तुम्हीही पाहिली असेल. फुकटचा माल दिसतो, पण राखीव जंगलातून परवानगीशिवाय झाडे काढणे हा गुन्हा आहे, आणि धंदा म्हणूनही तो आतबट्ट्याचा आहे. ऑर्किडचे बी धुळीसारखे बारीक असते. त्यात अन्नाचा साठा नसल्याने विशिष्ट बुरशीची साथ मिळाल्याखेरीज ते निसर्गात रुजत नाही, आणि रुजल्यावर फुलायला काही वर्षे जातात. मुळे तुटलेले झाड पुण्याच्या गॅलरीत बहुधा मरते. मग ते गिऱ्हाईक पुढल्या वर्षी तुमच्या दारी थांबत नाही, आणि शेजाऱ्याच्या दारीही नाही.

लावायचे ते डेंड्रोबियमचे संकरित प्रकार, प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांपासून. जांभळ्या-पांढऱ्या फुलांचा सोनिया हा प्रकार कोकणच्या दमट हवेत चांगला येतो. सिंबिडियम सिक्कीमसारख्या थंड डोंगराळ भागाचे. सहलीला गेलेले लोक ते हौसेने आणतात, पण आपल्याकडे ते फुलत नाही. फॅलेनोप्सिसला दांडा येण्यासाठी थंडावा लागतो. हे दोन्ही नवशिक्याने टाळावेत.

लागवडीचे थोडक्यात सांगतो. माती अजिबात वापरू नये. नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा व कौलांचे तुकडे भोके असलेल्या कुंडीत भरावेत. वर ५० टक्के सावलीची जाळी असावी. पाणी सकाळी द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने कोरडी होतात. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी मचूळ असेल तर ते चालत नाही, पावसाचे साठवावे. १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात आठवड्यातून एकदा फवारावे. पावसाळ्यात जाळीवर प्लॅस्टिक कागद हवाच, नाहीतर काळी कूज येते. कुजलेला भाग स्वच्छ पात्याने कापून जाळावा. गोगलगायी रात्री कंदील घेऊन वेचाव्यात. माकडांवर मात्र कुंपणाच्या जाळीशिवाय उपाय नाही.

सुपारीवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोळेरोगासाठी आपण बोर्डो मिश्रण फवारतो. डेंड्रोबियमला तांबे सोसत नाही. म्हणून कुंड्या सुपारीखाली टांगू नयेत, आणि फवारणीच्या दिवशी वारा कुठून येतो ते पाहून शेड झाकावी.

आता विक्री. खरी अडचण येथेच आहे. फुलांचे दांडे बहुतेक पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी जोरात येतात, तर पर्यटक येतात दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. त्यामुळे पूर्ण फुललेली झाडे एका दिवशी ५० हवीत, असा धंदा मांडू नये. ज्या आठवड्यात दहा फुलली, त्या आठवड्यात दहाच दारासमोर मांडावीत. जवळच्या हॉटेलाच्या टेबलावर फुललेली कुंडी आठवड्याच्या भाड्याने द्यावी, फुले गळल्यावर परत आणावी. झाड आपलेच राहते, आणि तेथे ते पाहिलेले पाहुणे पत्ता विचारत येतात. दांडे विकायचे तर पाण्यात ते आठवडाभर सहज टिकतात.

हिशेब असा मांडा. समजा २०० रोपे घेतली आणि दोन वर्षांत ३० गेली. उरलेल्या १७० पैकी १०० मातृझाडे म्हणून बाजूला ठेवा. गिऱ्हाईक कितीही मागो, ती विकू नयेत. विक्रीला राहिली ७०. मातृझाडांचा पैसा पुढे दांड्यांतून आणि पिलांतून निघेल, पण मेलेल्या ३० रोपांचा खर्च कुठेतरी वसूल व्हावा लागतो. किंमत सांगताना नेमका तोच विसरला जातो. पुढे तीन वर्षांनी मातृझाड फोडावे, प्रत्येक भागाला तीन-चार कांड्या ठेवाव्यात. एकाच कांडीचे तुकडे करून संख्या वाढवली, तर फुलांसाठी फार थांबावे लागते.

विकलेले झाड घाट चढून पोचले पाहिजे. निघण्याच्या दिवशी पाणी देऊ नये. दांड्याला काडीचा आधार बांधून वर्तमानपत्राची सुरळी करावी. सोबत मराठीत चार ओळींची चिठ्ठी द्यावी : मातीत लावू नका, पूर्वेकडच्या गॅलरीत टांगा, सकाळी पाणी द्या, फुले गेली तरी झाड फेकू नका.

गोव्यात फोंड्याकडच्या मसाल्याच्या बागांत परदेशी पाहुणे येतात. तुमच्याकडेही असे कोणी आले तर त्यांना झाड न देता दांडा द्यावा. ऑर्किडे साइट्स या आंतरराष्ट्रीय करारात येतात. कागदपत्रांशिवाय नेलेले झाड विमानतळावर अडकू शकते, आणि तुमच्याकडे तक्रार घेऊन यायला तो पाहुणा येथे नसतो.

ज्यांना सुरुवात करायची त्यांनी यंदा २० कुंड्यांवर एक पावसाळा काढून पाहावा, जाळीचा खर्च त्यानंतर. आता शंका विचाराव्यात. ज्यांनी रोगट पाने आणली असतील त्यांनी ती पिशवीतून बाहेर काढू नयेत, शेवटी एकेक करून पाहू.